युवकांच्या वाटेवर पहिले पाऊल



आज दुसऱ्या मिस्साच्या शेवटी आपल्यातलाच एक तरुण वेदीसमोर उभा राहील आणि धर्मग्रामातील युवकांची सेवा करण्याची जबाबदारी स्वीकारील. आपली मुले अशा माणसाला ॲनिमेटर म्हणतात; आम्ही युवा-मार्गदर्शक म्हणू. त्याचे नाव आम्ही इथे छापत नाही, कारण त्यानेच तशी विनंती केली आहे. "फादर, आधी दोन-चार महिने काम होऊ द्या, नाव नंतर छापा," असे तो म्हणाला. हे बोलणे आम्हांला आवडले.

आपले धर्मग्राम नवे आहे. अजून पुरती चार वर्षे झालेली नाहीत. मंदिरावर पत्र्याचे छप्पर आहे आणि घंटा अंगणातल्या लोखंडी खांबाला टांगलेली आहे. वसईच्या जुन्या गावांत मुलगा जन्मतो तोच एका गोतावळ्यात. गायनमंडळात त्याची बहीण असते, बावखलाच्या काठी त्याचे सवंगडी असतात, आणि त्याने मिस्सा चुकवली तर संध्याकाळपर्यंत तीन म्हाताऱ्या त्याच्या आईला येऊन सांगतात. इथे तसे नाही. कोणी वसईच्या गावांतून आले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूर किंवा केरळहून. सातव्या मजल्यावरचा मुलगा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला लिफ्टपुरता ओळखतो. दोघांचाही स्नानसंस्कार झालेला आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते!

गेल्या आठवड्यात हा तरुण कामावरून परतताना रात्री साडेनऊला आमच्याकडे आला. खांद्यावर डब्याची पिशवी तशीच होती. म्हणाला, "फादर, पहिल्या दिवशी मी नेमके करू काय?" आमच्या जिभेवर उत्तर तयार होते. समिती नेम, वर्षाचा कार्यक्रम आख, सगळ्यांची नावे लिहून घे. पण ते उत्तर आम्ही गिळले, कारण आम्हांला आमचा पहिला दिवस आठवला.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्हांला गुरुदीक्षा मिळून जेमतेम वर्ष झाले होते आणि साहाय्यक धर्मगुरू म्हणून एका धर्मग्रामात युवकांचे काम आमच्याकडे आले. आम्ही एक जाड वही आणली, तिला तपकिरी कव्हर घातले आणि पट्टीने रकाने आखले: नाव, वय, विभाग, शिक्षण, दृढीकरण झाले की नाही. पहिल्याच महिन्यात क्रिकेटचे सामने भरवले. वहीत त्रेसष्ट नावे झाली. वरिष्ठांना अहवाल पाठवला, शाबासकीही मिळाली. सगळे छान चालले होते.

त्या त्रेसष्टांत एक मुलगा होता, अकरावीत नापास झालेला. तो आमच्या कचेरीच्या दारात तीनदा येऊन उभा राहिला. पहिल्यांदा आम्ही सामन्यांचे वेळापत्रक लावत होतो. त्याला वही दिली आणि नाव लिहायला सांगितले. दुसऱ्यांदा आम्ही घाईत होतो. "रविवारी मीटिंगला ये, तेव्हा बोलू," म्हणालो. तिसऱ्यांदा, त्या रविवारी, तो खरोखरच आला, शेवटच्या बाकावर बसला, सगळे संपेपर्यंत थांबला. आम्ही पुढच्या सामन्याच्या ट्रॉफीविषयी बोलत राहिलो. तो केव्हा उठून गेला ते कळलेही नाही.

पुढे सहा वर्षांनी विरार लोकलमध्ये एका तरुणाने आम्हांला बसायला जागा दिली. त्याने ओळखले, आम्ही ओळखले नाही. तोच तो मुलगा. त्या वर्षी त्याचे वडील घर सोडून गेले होते. कॉलेज सोडून काम धरावे की काय करावे, एवढेच त्याला कोणाला तरी विचारायचे होते. तो रागाने बोलत नव्हता, हेच आम्हांला जास्त लागले. "फादर, मी बोलायला आलो होतो, तुम्ही मला वही दिलीत," असे तो म्हणाला आणि नालासोपाऱ्याला उतरून गेला. मंदिरात तो आता जात नाही, हे त्याने आम्ही न विचारताच सांगितले होते. वही आजही आमच्या टेबलाच्या खणात आहे. त्याचे नाव एकेचाळिसावे आहे, अक्षर सुंदर आहे.

गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंतावर एक निबंध लिहिला होता. मार्सेल १९२९ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, कॅथलिक झाला. समस्या वेगळी आणि रहस्य वेगळे, असे तो म्हणतो. समस्या आपल्यासमोर टेबलावर पडलेली असते, आपण बाहेर उभे राहून ती सोडवू शकतो. रहस्यात मात्र आपण स्वतःच गुंतलेले असतो. त्याच्याबाहेर उभे राहायला जागाच नसते. परीक्षेत आम्हांला या प्रश्नाला चांगले गुण मिळाले होते! पण समोर उभा असलेला मुलगा आम्ही टेबलावर ठेवला, रकान्यात बसवला. दुसऱ्यासाठी मोकळे असणे, स्वतःला उपलब्ध करून देणे, यालाही मार्सेलच्या विचारात मोठे स्थान आहे. तो धडा सेमिनरीत पाठ झाला होता. कळला विरार लोकलमध्ये.

येत्या ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करील. युवकांचे काम करणाऱ्याने या संताचा पहिला दिवस पाहावा. जून १८४१ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. इटलीतील तुरीन शहर तेव्हा वाढत होते, खेड्यांतली मुले गवंडीकामासाठी तिथे येत होती. तुरुंगात भेटी देताना बारा-पंधरा वर्षांची मुले गजांआड पाहून या तरुण धर्मगुरूचे मन हलले होते. पण त्यांनी योजनेचा कागद काढला नाही. ८ डिसेंबर १८४१, निष्कलंक मरीयेच्या सणाचा दिवस. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या मंदिरात ते मिस्सासाठी झगा चढवत होते. थंडीमुळे असेल किंवा कशामुळे असेल, एक मुलगा सॅक्रिस्टीत शिरला होता. सॅक्रिस्टनने त्याला मिस्साची सेवा करायला सांगितले. मुलाला ती येत नव्हती. तेव्हा सॅक्रिस्टनने पिसांच्या झाडणीच्या दांड्याने त्याला मारून हाकलले. जॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले आणि तो माझा मित्र आहे, असे त्या सॅक्रिस्टनला बजावले.

अजून नावही माहीत नव्हते, आणि मित्र!

मिस्सा झाल्यावर त्यांनी मुलाजवळ बसून चौकशी केली. मुलगा सोळा वर्षांचा, आस्ती गावचा, गवंड्याच्या हाताखाली राबणारा, आई-बाप दोघेही वारलेले. लिहिता-वाचता येत नव्हते, गाता येत नव्हते. तेव्हा या धर्मगुरूने त्याला शिट्टी तरी वाजवता येते का, असे विचारले आणि मुलगा हसला. त्या हसण्यानंतर मग एक 'नमो मरीया', मग क्रुसाची खूण. पुढच्या रविवारी तो मुलगा आणखी काहींना घेऊन आला.

येणाऱ्या प्रत्येक मुलाविषयी आपण आधी काय येत नाही ते मोजतो. प्रार्थना येत नाही, मराठी नीट येत नाही, मिस्साला वेळेवर येत नाही. जॉन बॉस्को मात्र काहीतरी येत असलेले सापडेपर्यंत खाली खाली उतरत गेले, शिट्टीपर्यंत उतरले.

पुढची चारहून अधिक वर्षे या कामाला स्वतःची कायमची जागा नव्हती, हेही आपल्यासारख्या पत्र्याखालच्या धर्मग्रामाने लक्षात ठेवावे. गिरणीजवळ, दफनभूमीच्या मंदिराशेजारी, भाड्याच्या खोल्यांत, उघड्या मैदानावर, जिथे जातील तिथून शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे उठावे लागे. गोंगाट फार होतो, हीच तक्रार! शेवटी १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, पिनार्डी नावाच्या माणसाचे एक छप्पर त्यांना मिळाले. आपल्याकडेही समोरच्या इमारतीतून गिटारच्या आवाजाबद्दल दोनदा निरोप आला आहे. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. रात्री दहानंतर गिटार बंद राहील. दहापर्यंत मात्र सोसून घ्या, अशी विनंती आम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन करणार आहोत.

म्हणून आम्ही त्या तरुणाला सांगितले, पहिले तीन महिने कार्यक्रम ठेवू नकोस. संत लूकच्या शुभवर्तमानातले अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोन शिष्य आठव. ते यरुशलेम सोडून चालले होते, म्हणजे चुकीच्या दिशेने चालले होते. प्रभूने त्यांना अडवले नाही, 'मागे फिरा' म्हटले नाही. तो त्यांच्याबरोबर त्याच दिशेने चालला, काय बोलत आहात म्हणून विचारले, आणि त्यांचे सगळे ऐकून घेतल्यावरच शास्त्र उलगडले. २०१८ साली रोममध्ये युवकांवर जी सिनड भरली, तिने आपल्या अंतिम दस्तऐवजासाठी हाच प्रसंग निवडला. पुढच्या वर्षी, २५ मार्च २०१९ रोजी, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'ख्रिस्तुस व्हिविट' या पत्रावर लोरेतो येथे सही केली. त्यातही युवक हेच युवासेवेचे कर्ते आहेत, हे त्यांनी ठामपणे मांडले. तेव्हा मुलांच्या घरी जा. चहा घे. त्यांच्या आजी-आजोबांशी बोल. क्लासवरून मुले किती वाजता सुटतात ते बघ, मग सभेची वेळ ठरव.

एक गोष्ट मात्र आम्ही त्याला कडक शब्दांत सांगितली आणि आपल्यालाही सांगतो. अठरा वर्षांखालच्या कोणाही मुलामुलीशी बंद दाराआड एकट्याने बोलायचे नाही. दार उघडे, माणसे दिसतील अशी जागा. मुलांना रात्री खाजगी मेसेज नाहीत. सहलीला जाताना पालकांची लेखी संमती आणि सोबत किमान दोन मोठी माणसे, त्यांत एक स्त्री. कोणा मुलाने अत्याचाराविषयी काही सांगितले तर ते 'आपल्या आपल्यात' मिटवायचे नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. काही पालक म्हणाले, "फादर, आपलाच मुलगा आहे, एवढा अविश्वास कशाला?" हा अविश्वास नव्हे. ख्रिस्तसभेने या बाबतीत फार मोठी किंमत मोजली आहे, आणि ती आधी मुलांनी मोजली. हे नियम आम्हां धर्मगुरूंनाही तसेच लागू आहेत.

आता आपल्याविषयी. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातली गोष्ट आपण लहान मुलांना हौसेने सांगतो. रात्री हाक येते, बाळ शमुवेल उठून वृद्ध एलीकडे धावतो, तीनदा. एलीला शेवटी उमगते की, हाक आपली नाही, देवाची आहे, आणि तो मुलाला उत्तर कसे द्यायचे ते शिकवतो. गोष्ट आपण बहुतेक वेळा इथेच संपवतो. पण पुढे काय आहे? देवाने त्या मुलाला जो निरोप दिला तो एलीच्या घराण्याविरुद्ध होता. सकाळी शमुवेल सांगायला घाबरला. आणि एलीनेच त्याला दरडावून, काहीही न लपवता सगळे सांगायला लावले, आणि ऐकून घेतले.

बंधू-भगिनींनो, युवकांचे खरोखर ऐकायचे ठरवले, तर काही निरोप आपल्याविरुद्ध येतील. आमची प्रवचने लांबतात, हा निरोप तर आलाच आहे. आणखीही येतील: घरात रोजरी होते आणि त्यानंतर भांडण होते, समितीच्या सभेत मोठी माणसे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती आम्ही ऐकली आहे, भाषेवरून आणि गावावरून तुम्ही माणसे मोजता. हा तरुण असे काही घेऊन आमच्याकडे आला, तर त्याला आम्ही काय म्हणणार? आमच्यात एलीएवढे धैर्य आहे का, हे आम्ही गेले काही दिवस स्वतःला विचारत आहोत. उत्तराची खात्री नाही. पण आम्ही त्याला शब्द दिला आहे की, निरोप आणणाऱ्यावर राग काढणार नाही. पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनीही तो शब्द द्यावा, अशी विनंती आहे.

हा तरुण अंधेरीला नोकरी करतो, सकाळी लवकरची गाडी पकडतो, त्याच्या लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. रविवार हा त्याच्या घरचाही एकच दिवस आहे. म्हणून महिन्यातला एक रविवार तो काम करणार नाही. त्या दिवशी त्याला कोणी फोन करू नये. त्याला मानधन देण्याइतके आपले धर्मग्राम अजून सक्षम नाही, पण मुलांच्या घरी जाण्यायेण्याचा खर्च त्याच्या खिशातून जाणार नाही एवढे कौन्सिलने पाहिले आहे. आणि तीन महिन्यांनी "किती मुले जमली?" असा प्रश्न त्याला विचारू नका. आम्हीही विचारणार नाही. आम्ही विचारू, कोण आले नाही, आणि त्याच्या घरी कोणी गेले होते का.

आज मिस्सानंतर तो अंगणात घंटेच्या खांबाजवळ उभा असेल. चहाची व्यवस्था माता संघाने केली आहे. त्याच्या हातात वही नसेल, आम्ही ती नेऊ दिलेली नाही. आपली मुले-मुली घाईने घराकडे निघाली, तर त्यांना ओढून त्याच्यापुढे उभे करू नका. आपणच दोन मिनिटे अंगणात थांबा, म्हणजे तीही थांबतील.

आपला,
प्रमुख धर्मगुरू