दुखण्याला नाव मिळेपर्यंत



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात दोन दुखणाईत एकाच वाटेवर भेटतात. एक, सभास्थानाचा अधिकारी याईर ह्याची बारा वर्षांची मुलगी. दुसरी, बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री. ह्या स्त्रीविषयी मार्क अगदी उघडपणे लिहितो : पुष्कळ वैद्य झाले, जवळचे सारे खर्ची पडले आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले. लूकही ही घटना सांगतो, पण वैद्यांच्या हातून दुखणे वाढल्याचे मात्र तो गाळतो. लूक स्वतः वैद्य होता, अशी परंपरा आहे. व्यवसायबंधूंची त्याने थोडी लाज राखली असावी!

ह्या स्त्रीची वणवण आपल्या धर्मग्रामातील एका घराने गेल्या चौदा महिन्यांत अनुभवली. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, आम्ही हे लिहीत आहोत. मुलगी पंधरा वर्षांची. पावसाळ्यात ताप सुरू झाला. मलेरिया पाहिला, डेंग्यू पाहिला, टायफॉइडचा कोर्स झाला. ताप उतरे आणि पुन्हा चढे. सकाळी बोटे इतकी आखडत की पाण्याचा तांब्या धरवत नसे. फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. टाळूवर फोड आले, पण ते दुखत नव्हते म्हणून तिने कोणाला सांगितलेच नाही. दोन्ही गालांवर आणि नाकावर काळपट-लाल डाग उठले, तेव्हा शेजारच्या बायकांनी उन्हाला दोष दिला. एका दवाखान्यातल्या गोळ्यांनी आठवडाभर जादू झाल्यासारखे बरे वाटले. गोळ्या संपल्या आणि सारे परत आले. त्या स्टिरॉइडच्या होत्या, हे पुढे कळले.

दहावीचे वर्ष. त्यामुळे निदान लवकर झाले, पण ते डॉक्टरांनी नव्हे, आपण केले : अभ्यास टाळते, नाटक करते, लाडावून ठेवली आहे. कोणी आईला दिष्ट काढायला सांगितले. कोणी विचारले, घरात कोणाचे काही चुकले आहे का? जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न केला होता. पाप ह्याचेही नाही, ह्याच्या आईबापांचेही नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. दोन हजार वर्षे झाली, तरी तो प्रश्न आपल्या ओटीवरून उठायला तयार नाही.

अखेर एका तरुण डॉक्टरबाईंनी सगळे जुने कागद टेबलावर तारखेप्रमाणे मांडले आणि कोणीच न सांगितलेली एक साधी तपासणी सांगितली : लघवीची. लघवीतून प्रथिने जात होती. तेथून संधिवाततज्ज्ञांकडे, मग पहाटेच्या लोकलने मुंबईला फेऱ्या, रक्ताच्या खास चाचण्या, आणि शेवटी नाव मिळाले : ल्युपस.

लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच ह्या आजारात शरीरावर उलटते. सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंडे, कशालाही ती चावा घेऊ शकते. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. पाचसहा रुग्णांमागे एकाचा आजार बालपणी किंवा किशोरवयात सुरू होतो आणि अशा मुलांत मूत्रपिंडाला धोका मोठ्यांपेक्षा अधिक असतो. तो संसर्गजन्य नाही. तिच्या शेजारी बसल्याने, शांतीचे चिन्ह म्हणून तिचा हात हाती घेतल्याने तो कोणाला होत नाही. हे लिहावे लागते, कारण बाकावर सरकून बसणारे आम्ही पाहिले आहेत.

मग चौदा महिने का लागले? नुसता डॉक्टरांचा दोष म्हणून चालणार नाही. ल्युपस सांगणारी एकच एक चाचणी नाही. ए.एन.ए. नावाची रक्तचाचणी जवळजवळ प्रत्येक ल्युपसच्या रुग्णात सकारात्मक येते, पण ती कित्येक निरोगी माणसांतही तशीच येते. म्हणून तेवढ्या एका कागदावरून घाबरूही नये आणि औषधही सुरू करू नये. डी.एन.ए.विरोधी प्रतिपिंडे, कॉम्प्लिमेंटची पातळी, रक्तपेशींची संख्या, लघवी आणि रुग्णाची सगळी हकीकत, हे जुळवून पाहावे लागते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या मनात ठसला. वैद्याचा मुलगाच तो! वैद्य 'मनुष्य' ह्या कल्पनेवर उपचार करीत नाही, समोरच्या एका विशिष्ट माणसावर करतो, असे तो म्हणतो. ताप एका डॉक्टरकडे, केस दुसऱ्याकडे, चेहरा तिसऱ्याकडे नेला, तर ती मुलगी अखंडपणे कोणालाच दिसत नाही.

आता पुन्हा त्या वाटेवर येऊ. याईरची मुलगी मरणाच्या दारी आहे, लोक घाई करीत आहेत, आणि प्रभू थांबतो. मला कोणी शिवले, असे विचारतो. स्त्री तर बरी झालेलीच आहे. मग थांबायचे कशाला? तिने सारी हकीकत सांगावी म्हणून. बारा वर्षांची हकीकत दोन मिनिटांत होत नाही. प्रभू ती पूर्ण ऐकतो आणि तिला 'मुली' म्हणतो. आजारी लेकराचे म्हणणे खरे मानून ते शेवटपर्यंत ऐकणे, ही आमच्या मते आईबापांची पहिली प्रार्थना आहे. तपासणीची रांग ही तिची पुढची ओळ.

नाव कळल्यावर ते दडवण्याचा मोह होतो. पोरीचे लग्न कसे व्हायचे, असे ह्या घरालाही कोणी सुनावले. अमेरिकेतील कॅथलिक लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर पंधरा वर्षांची असताना, १९४१ साली, तिचे वडील ल्युपसने वारले. १९५० च्या अखेरीस ती स्वतः आजारी पडली. निदान झाले, पण आईने भीतीपोटी तिला संधिवात आहे एवढेच सांगितले. खरे नाव तिला १९५२ साली एका मैत्रिणीकडून कळले. त्यानंतर १९६४ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी मरण येईपर्यंत, ती कुबड्या घेऊन लिहीत राहिली. सत्य तिला पेलले; तिच्यासाठी ते पेलणार नाही, असे इतरांनी ठरवले होते. आणि आजचा काळ तिच्या काळापेक्षा कितीतरी बरा आहे. त्या दशकात निदानानंतर पाच वर्षे जगणारे जेमतेम निम्मे होते, आज ते नव्वद टक्क्यांहून अधिक आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मूळचे मलेरियाचे औषध आज बहुतेक ल्युपस रुग्णांना दिले जाते. त्यावर असताना डोळ्यांची तपासणी मात्र वेळोवेळी करावी लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आरोग्यदानाच्या प्रार्थनासभेहून परतल्यावर कोणीही गोळ्या बंद करू नयेत. स्टिरॉइड तर एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. बेनसिराच्या ३८ व्या अध्यायात प्रार्थना करायला सांगितले आहे आणि लगेच वैद्यालाही त्याचे स्थान द्यायला सांगितले आहे. दोघे एकाच देवाचे. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हवा असेल तर मरणाची वाट पाहू नका, कधीही बोलवा.

ज्यांच्या घरी असा न उलगडणारा ताप, सांधेदुखी, थकवा असेल, त्यांनी सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावावेत. डाग दिसला की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो घ्यावा, कारण डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत तो फिका पडतो. लघवीला फेस येत असेल, पावले किंवा पापण्या सुजत असतील तर थांबू नये. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत सोबतीला कोणी नसेल तर धर्मगुरुनिवासात सांगावे. आपल्या दोन निवृत्त परिचारिका यायला तयार आहेत.

ऊन ह्या आजाराला बाधते. म्हणून नऊच्या मिस्सेनंतर पटांगणात भरणारा धर्मशिक्षणाचा वर्ग पुढील रविवारपासून सभागृहात भरेल. ती मुलगी आता शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत गायनमंडळात गाते. टोपी आणि पूर्ण बाह्या कशासाठी, असे तिला कोणी विचारू नये, एवढी तिच्या आईची विनंती आहे.