गुळातली गोळी

मृगाचा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात सूनबाईंनी शंभर पानांची एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. नात नुकतीच चौथ्या वर्षात आली होती. यंदा तिला कोणत्याही बालवर्गात घालायचे नाही, वर्षभर इथे लांज्याला घरीच ठेवायचे, असे घरात ठरले होते.

"बाबा, तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलंत," सूनबाई म्हणाल्या. "हिच्या वर्षाचा आराखडा तुम्हीच करा. पण सगळं खेळातून हं!"

मी मोठ्या हौसेने बसलो. वहीच्या पानावर तीन रकाने आखले : महिना, खेळ आणि त्यातून काय शिकेल. आषाढात तरव्याची हिरवाई आणि लावणी, म्हणजे रंग. भाद्रपदात गणपतीवरची माटवी, म्हणजे फळांची नावे. फाल्गुनात शिमग्याची पालखी आणि ढोल, म्हणजे ताल. वैशाखात काजू, करवंदे, रातांबे, म्हणजे चवी आणि वर्गवारी. आमच्या या जांभ्याच्या मुलखात निसर्गाने शाळेचे सगळे सामान फुकट मांडून ठेवले आहे, या विचाराने मला धन्यता वाटली. सरकारचीही आडकाठी नव्हती. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची सक्ती सहाव्या वर्षापासून सुरू होते. आणि 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर तिसऱ्या वर्षापासून खेळातूनच शिकवा, असे सांगते. मग उशीर कशाला?

पहिल्याच दिवशी पडवीत बसून मी नातीपुढे दहा आठळ्या ठेवल्या. बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या. तिने आठळ्यांची रांग लावली. पुढची मोठी आठळी म्हणजे वरमाई, मागची सगळी वऱ्हाडी मंडळी. मी जरा वेळ कौतुकाने पाहिले आणि मग हळूच विचारले, "बयो, वऱ्हाडात माणसं किती गं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग एकेका आठळीवर बोट ठेवून तिने शहाण्यासारखे एक ते दहा म्हणून दाखवले आणि विचारले, "झालं मोजून. आता खेळू?"

मी वही मिटली. चार वर्षांच्या पोरीने माझा तिसरा रकाना वाचला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. लहानपणी आई कडू गोळी गुळात लपवून द्यायची. त्यात फसवणूक होती. पण ती फसवणूक कोणी पाप म्हणणार नाही, कारण गोळी खरोखरच कडू होती आणि ताप खरोखरच उतरत होता. पण मोजणे कडू आहे काय? फुलाचे नाव कळणे, ढोलाचा ताल हाताला सापडणे, हे कडू आहे काय? जे मुळातच गोड आहे ते गुळात लपवून दिले, तर घेणाऱ्याचा समज एकच होणार : आत काहीतरी कडू असले पाहिजे. खेळाच्या आमिषाने शिकवताना आपण मुलाला अंक शिकवतो की नाही, कोण जाणे. पण शिकणे ही कंटाळवाणी गोष्ट आहे, हे मात्र नक्की शिकवतो. शिवाय मोठी माणसे आपल्या खेळात येतात ती स्वतःच्या कामासाठी येतात, हेही त्याला कळते. माझ्या मनाला लागली ती ही दुसरी गोष्ट.

ज्यांनी या वयाच्या मुलांचा खोलवर विचार केला, त्यांची मला आठवण झाली. फ्रबेलने 1840 साली आपल्या शाळेला 'बालकांची बाग' असे नाव दिले. माळी झाडाला पाणी घालतो. पण आज किती वाढलास, असे रोज उपटून पाहत नाही. मॉन्टेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये मजुरांच्या मुलांसाठी बालगृह काढले, तेव्हा त्यांना आढळले की मुले खेळणी बाजूला सारून खरी कामे मागतात. म्हणून त्या मुलाच्या उद्योगाला खेळ न म्हणता काम म्हणत आणि त्याचा मान राखत. भावनगरला 1920 मध्ये गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहवासात तयार झालेल्या ताराबाई मोडक पुढे 1945 साली बोर्डीला गेल्या. परदेशी महागडी साधने खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पाने आणि माती यांतून साधने केली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. तिथे मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणातही नेली. 1975 पासून देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंचाच.

हे सारे मी शिक्षक म्हणून पाठ केले होते. बिया मी उचलल्या, अंगणही उचलले. पण ताराबाई अंगणात गेल्या होत्या त्या जी मुले बाहेर राहिली होती त्यांच्यासाठी, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो. माझ्या आराखड्यात बारा महिने होते, सगळी झाडे होती, सण होते. दुसरे मूल कुठेच नव्हते.

आणि ते मूल तर रोज आमच्या पायरीवर बसत होते! घरकामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा, नातीएवढाच. आई भांडी घासून होईपर्यंत तो पावसाकडे पाहत बसे. दुसऱ्या दिवशी मी त्याला नुसते म्हटले, "आत ये रे, भिजशील." आठळ्या पडवीत तशाच पडल्या होत्या. दोघांची नजरानजर झाली, आणि लग्न नव्याने लागले. एक आठळी घरंगळून पागोळ्यांच्या पाण्यात गेली. मग वाटणी सुरू झाली. "एक तुला, एक मला." शेवटी एक उरली आणि कडाक्याचे भांडण जुंपले.

नऊ भागिले दोन! माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. चाळीस वर्षांची सवय. मी तो गिळला. किती जड गेला म्हणून सांगू! जरा वेळाने दोघे ती आठळी घेऊन सूनबाईंकडे गेले, ती भाजून घेतली, आणि अर्धी अर्धी खाल्ली. त्यातून कोण काय शिकले, ते मी वहीत लिहिले नाही.

घरात यावर वाद झाला, आणि तो रास्त होता. सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे काहीच ठरवायचं नाही? पोर दिवसभर मोबाइलपुढे बसली तर?" खरे आहे. सोडून देणे आणि मोकळीक देणे यांत फरक आहे. ज्या खळ्यात कोणी शेण घालून जमीन सारवली नाही, त्या खळ्यात मळणी होत नाही. म्हणून योजना हवीच. पण ती कोणाची? मुलाच्या वर्षाची योजना करण्याचा मला अधिकार नाही. माझ्या स्वतःच्या वर्षाची मात्र करता येते. कोणत्या वेळी मोबाइल कपाटात ठेवायचा, कोणत्या दिवशी त्यांना सड्यावर फुले पाहायला न्यायचे, रात्री गोष्ट न चुकता सांगायची, विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे. आणि शिकवायचेच असेल, तर "चल, आज तुला एक नवी गोष्ट दाखवतो" असे उघड म्हणून शिकवायचे. नको म्हणाली तर हसून उठायचे. जो खेळ नाकारता येत नाही तो खेळ नव्हे.

वहीतला तिसरा रकाना मी खोडला आहे. त्या जागी आता 'मी काय करायचे' असे लिहिले आहे. या महिन्याच्या ओळीत एकच नोंद आहे : नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारिटे दोन ठेवावीत. गेल्या वर्षी एकच ठेवले होते. यंदा दोन अंगठ्यांनी दोन नरकासुर फुटतील, आणि मग दोघे मिळून पोह्यांवर बसतील. पोहे किती प्रकारचे, ते त्यांनी मोजले तर मोजोत.