भाडेकरूचे घर जळते तेव्हा



आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची भाड्याची खोली आगीत जळाली, हे आता आपणा सर्वांना ठाऊक आहे. देवाच्या दयेने कोणाच्या जिवाला अपाय झाला नाही. शेजारी बादल्या घेऊन धावले, अग्निशामक दलाचा बंब आला आणि तासाभरात आग विझली. पण त्या तासाभरात कपडे, अंथरुणे, भांडीकुंडी, शिलाई मशीन, मुलांच्या वह्या-पुस्तके आणि कपाटातली कागदपत्रे सारे काही गेले. विमा नव्हता. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन, त्यांचे नाव न घेता, मी आज याविषयी लिहीत आहे. कारण ही गोष्ट एका घराची नाही. वसईत आज कितीतरी कुटुंबे भाड्याने राहतात आणि ज्यांच्या वाडीत, चाळीत ती राहतात ते मालकही आपल्याच चर्चमध्ये, कधी कधी त्याच बाकावर बसतात.

ईयोबाच्या पुस्तकाची सुरुवात आपल्याला पाठ आहे. आकाशातून आग पडली आणि मेंढरे व गडी जळाले. वाऱ्याने घर कोसळले आणि मुलेबाळे गेली. शेवटही आपल्याला ठाऊक आहे : देवाने ईयोबाला पूर्वीच्या दुप्पट दिले. पण शेवटच्या, म्हणजे बेचाळिसाव्या अध्यायात या दुपटीच्या मध्येच एक ओळ येते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. तिथे सांगितले आहे की, ईयोबाचे सगळे भाऊ, बहिणी आणि जुने ओळखीचे लोक त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याचे सांत्वन केले आणि प्रत्येकाने त्याला एकेक नाणे व एकेक सोन्याची अंगठी दिली.

एकेक नाणे! कोणी एकाने सगळे भरून दिले नाही. ज्याला जे जमले ते प्रत्येकाने दिले. देवाने ईयोबाला पुन्हा उभे केले हे सांगताना पवित्र शास्त्र पाहुण्यांची ही रांग मुद्दाम आपल्यासमोर उभी करते. देवाचे देणे आभाळातून पडले नाही, ते दारातून आत आले.

आता भाडेकरूच्या नुकसानीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू या. आग लागल्यावर लोक भिंतींकडे पाहतात. छप्पर किती गेले, प्लास्टर किती पडले, इमारतीला तडा गेला का, याची चर्चा होते. मालकाने किंवा सोसायटीने विमा उतरवला असेल तर तो भिंतींचा आणि छपराचा असतो. भिंतीच्या आत जे होते ते भाडेकरूचे, आणि ते कोणाच्याच हिशेबात नसते. काही महिन्यांनी खोलीला नवा रंग लागतो, नवा भाडेकरू येतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सर्व काही पूर्वीसारखे झाले. जे कुटुंब बाहेर पडले ते मात्र बहिणीच्या घरी हॉलमध्ये झोपत असते, आणि त्याच महिन्यात त्याला नव्या खोलीचे डिपॉझिट, नवा गॅस, नवा गणवेश, सारे एकदम उभे करायचे असते.

अशा वेळी आपण काय बोलतो? ‘जीव वाचला ना, वस्तू काय, पुन्हा येतील.’ हे वाक्य खरे आहे. ज्याचे घर जळाले त्याने ते म्हटले तर ती त्याची श्रद्धा आहे. परंतु ज्याचे घर शाबूत आहे त्याने ते म्हटले की त्याची धार बोचते. गॅब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक तत्त्वचिंतकाने ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ यांतील फरकावर १९३५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. माणूस म्हणजे त्याच्याजवळच्या वस्तू नव्हेत, हे तर खरेच. पण वस्तूंशी माणसाचे नाते इतके सरळही नाही. आपले शरीर आपण ‘वापरतो’ असे म्हणून भागत नाही, आणि ज्या वस्तूंत आपण वर्षानुवर्षे जीव ओतला त्या वस्तूंचेही थोडेफार तसेच असते. आईने लग्नात दिलेले पातेले, पहिल्या कम्युनियनचा फोटो, देवाघरी गेलेल्या वडिलांची रोझरी, या बाजारात पुन्हा मिळणाऱ्या वस्तू नाहीत. शिलाई मशीन मिळेल, पण त्या मशीनवर त्या बाईचा रोजचा संसार चालत होता. म्हणून ‘वस्तूच होत्या’ असे म्हणण्याची घाई आपण करू नये. त्यांना रडू द्यावे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तेवढे त्यांनी चांगले केले. बिघडले ते पुढे, बोलायला लागल्यावर.

ते काय बोलले? ईयोबाचे पाप शोधू लागले. आपल्याकडेही आग विझण्याच्या आधी हेच सुरू होते. ‘गॅस चालू ठेवला असेल.’ ‘वेदीपुढची मेणबत्ती विसरले असतील.’ ‘बाहेरून आलेली माणसे, काळजी घेत नाहीत.’ शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने स्पष्ट शब्दांत बजावले आहे. कारण शोधायलाच हवे, पण ते अग्निशामक दलाच्या आणि पोलिसांच्या कागदावर. नळावर आणि चर्चच्या फाटकात नव्हे.

इथे मला मालक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत. निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आगीचा कायदा आहे : ज्याने पेटवलेली आग काट्याकुट्यांना लागून दुसऱ्याचे पीक जाळील, त्याने भरपाई द्यावी. त्याच अध्यायात थोडे पुढे दुसरा कायदा आहे : गरिबाचे पांघरूण गहाण म्हणून घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते त्याला परत द्यावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नाही. भाडेकरूचे डिपॉझिट हे आजचे गहाण ठेवलेले पांघरूण आहे. चूक कोणाची ते ठरण्याआधी ‘नुकसान झाले आहे, डिपॉझिट मिळणार नाही’ असे सांगणे म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्याचे पांघरूण अडकवून ठेवणे होय. भाडेकरूच्या हलगर्जीने आग लागल्याचे सिद्ध झाले तर त्याचा हिशेब न्यायाने करता येईल. वायरिंग जुने होते, फ्यूजला जाड तार गुंडाळलेली होती असे निघाले तर आगीचा तोच कायदा मालकालाही लागू होतो. मालकाचेही नुकसान झाले आहे, हे मी विसरत नाही. काही वृद्ध पालकांचे पोट दोन खोल्यांच्या भाड्यावर चालते. पण मालकाजवळ निदान जमीन उरते. भाडेकरूजवळ राख उरते.

भाडेकराराबद्दलही स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘आपली ओळखीची माणसे, कागद कशाला’ असे म्हणून आपण तो टाळतो. मग आग लागल्यावर आपण त्या खोलीत राहत होतो, इतके डिपॉझिट दिले होते, हे सांगायला भाडेकरूजवळ पुरावा उरत नाही. कागद करणे हा अविश्वास नव्हे. संकटात दोघांचेही नाते टिकावे म्हणून केलेली ती सोय आहे.

आता आपल्या नाण्याविषयी. आपण काय देऊ शकतो? पैसा तर हवाच. पण जळालेल्या कुटुंबाला सर्वांत जास्त लागतो तो बरोबर येणारा माणूस. पुढील कामे त्यांना एकामागून एक करावी लागतात. त्यांतले एकेक काम आपल्यापैकी एकेकाने अंगावर घेतले तर तेच आपले नाणे.

पहिले काम राखेचे. साफसफाई करण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, काय काय होते त्याची यादी करावी. पोलिसांचा पंचनामा आणि अग्निशामक दलाचा दाखला मागून घ्यावा. पुढे प्रत्येक ऑफिसात तेच दोन कागद विचारतात. राख टाकण्याआधी चाळून पाहावी. सोने वितळले तरी राख होत नाही. अर्धवट जळालेल्या नोटाही टाकू नयेत. कुरकुरीत, ठिसूळ झालेल्या नोटा साधी बँक घेत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसमध्ये, २००९ च्या नियमांनुसार तपासून, त्यांचे पैसे मिळू शकतात. त्या उलगडू नयेत, आहेत तशाच डब्यात ठेवून न्याव्यात.

दुसरे काम कागदपत्रांचे. आधी मोबाइलचे सिम कार्ड त्याच नंबरावर पुन्हा घ्यावे, कारण हल्ली प्रत्येक ठिकाणी ओटीपी त्याच नंबरावर येतो. आधार नंबर जळत नाही, कार्ड पुन्हा छापून मिळते. शाळेचा दाखला शाळेतून, दहावी-बारावीची दुय्यम गुणपत्रिका शिक्षण मंडळाच्या वाशी येथील विभागीय कार्यालयातून, रेशन कार्ड तहसील कचेरीतून. आणि एक कागद असा आहे की त्यासाठी कुठेच हेलपाटे घालावे लागत नाहीत. स्नानसंस्काराची आणि विवाहाची नोंद, ज्या चर्चमध्ये तो संस्कार झाला तिथल्या वहीत सुरक्षित असते. घरातले सगळे जळाले तरी तुम्ही कोण, कोणाचे, हे तुमच्या धर्मग्रामाने लिहून ठेवलेले आहे. तो दाखला मागायला कोणी लाजू नये.

तिसरे काम गॅसचे. सिलिंडरमुळे आग लागली असेल तर तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी उतरवलेला विमा असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्यात एका अपघातामागे कमाल २ लाख रुपयांची तरतूद आहे. मृत्यू किंवा इजा झाल्यास वेगळी तरतूद आहे. पण ‘नोंदणीकृत पत्ता’ हे शब्द लक्षात ठेवा. आपले कितीतरी भाडेकरू जुन्या पत्त्यावरचे किंवा मालकाच्या नावाचे सिलिंडर वापरतात. खोली बदलली की एजन्सीत जाऊन पत्ता बदलून घ्या. आणि अपघात झाल्यास एजन्सीला ताबडतोब लेखी कळवा.

काही जण मला विचारतात, ‘फादर, घरातल्या वस्तूंचा विमा काढणे म्हणजे देवावर भरवसा नाही असे होत नाही का?’ योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत त्याचे स्वतःचे भाऊही जगले. तो भरवसा नव्हता असे कोण म्हणेल? विम्याचा मूळ विचार तोच आहे : पुष्कळांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून सावरायचे. एकमेकांची ओझी वाहा, असे संत पौल सांगतो, त्याचीच ही व्यवहारातली एक रीत आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी देशात लागू आहे. तीत भाडेकरूला इमारत सोडून फक्त घरातल्या सामानाचा विमा काढता येतो. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागावे लागते आणि रोख रक्कम तीत येत नाही. जवळच्या विमा कार्यालयात जाऊन हप्ता विचारून पाहा.

पण ज्यांचा विमा नव्हता त्यांना आज ‘आधी काढायला हवा होता’ असे ऐकवू नका. त्यांचा विमा आता आपणच आहोत. अत्यंत गरजेच्या वेळी देवाने निर्माण केलेल्या वस्तूंवर गरजवंताचाही हक्क असतो, अशी संत थॉमस अक्विनास यांची शिकवण आहे. म्हणजे आपल्याकडचे जादा जे आहे ते देताना आपण उपकार करत नाही. याकोबाचे पत्रही हेच विचारते : उघड्या आणि उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवले, तर त्याचा उपयोग काय?

म्हणून पुढील रविवारी सर्व मिस्सांच्या वेळी या कुटुंबासाठी वेगळे अर्पण गोळा केले जाईल. शेगडी, दोन गाद्या, स्वयंपाकाची भांडी आणि शिलाई मशीन यांची गरज आहे. मुलांच्या गणवेशाची आणि बुटांची मापे सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांकडे आहेत. कृपया फाटके कपडे आणि बंद पडलेल्या वस्तू आणू नयेत. ईयोबाच्या बहिणींनी सोन्याची अंगठी दिली होती. ज्यांना ऑफिसांत बरोबर जायला वेळ आहे, त्यांनी आपले नाव आणि मोकळा दिवस चर्च ऑफिसात लिहून द्यावा. वीजतंत्री असलेल्या तरुणांनी आपापल्या लहान ख्रिस्ती समूहातील जुन्या खोल्यांचे वायरिंग तपासून देण्याची तयारी दाखवली, तर त्याचेही स्वागत आहे.

आणखी एक विनंती. आग लागल्यापासून हे कुटुंब रविवारी मिस्साला आलेले नाही. घालायला नीट कपडे नाहीत, आणि लोक विचारतील त्याला काय उत्तर द्यावे हे कळत नाही, असे त्या आईने मला सांगितले. ते येतील तेव्हा प्रश्न विचारू नका. बाकावर थोडे सरकून त्यांना जागा द्या.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या प्रजेला सांगतो की, जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे म्हणून राहता. सातबाऱ्यावर नाव असलेला आणि दर महिन्याला भाडे मोजणारा, आपण दोघेही त्याचे भाडेकरू आहोत. तो मालक आपल्याशी जसा वागतो तसे आपण एकमेकांशी वागू या.

प्रभू आपणा सर्वांचे आणि आपल्या घरांचे रक्षण करो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू