चाचणीच्या दिवशी गावात नसलेली मुले

4 डिसेंबर 2024 रोजी देशभर 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. निवडक शाळांतल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची एकाच दिवशी चाचणी घेतली गेली. याच दिवसांत वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा, मालेगाव भागातले बंजारा तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळी आटोपली की ऊसतोडीला निघतात, कोणी वीटभट्टीवर जाते. पोरेही सोबत जातात. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली तेवढी वर्गात दिसतात. याआधीची सर्वेक्षणेही 13 नोव्हेंबर 2017 आणि 12 नोव्हेंबर 2021 या दिवशी, हंगाम सुरू झाल्यावरच झाली होती.

ही तारीख वाशिमला फार महाग पडते.

2018 साली नीती आयोगाने वाशिमचा आकांक्षित जिल्ह्यांत समावेश केला. त्या क्रमवारीत शिक्षणाला 30 टक्के भारांक आहे आणि मुलांची भाषा-गणितातली संपादणूकही त्यात धरली जाते. म्हणजे जिल्ह्याचे स्थान ठरवताना जी मुले मोजली जातात, त्यांत सर्वाधिक मदतीची गरज असलेली मुले बहुधा नसतातच.

चाचणी नकोच, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. चौथीतल्या मुलीला हातच्याची वजाबाकी येत नसेल, तर ते वेळेवर कळलेच पाहिजे. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमातल्या पायाभूत चाचणीचा खरा उपयोग तोच होता. पण शाळा 'प्रगत' आहे की नाही हेही गुणांवरून ठरू लागले, तेव्हा गुरुजींवरचा भार बदलला. मूल कुठे अडते हे शोधण्याआधी आकडा भरण्याची घाई होते. एखाद्या मापावर मोठे निर्णय टांगले की ते मापच बिघडते, हे अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकातच मांडले होते. अमेरिकेतल्याच अटलांटा शहरात उत्तरपत्रिकांतल्या फेरफारांच्या प्रकरणात 2015 साली 11 शिक्षक-अधिकारी दोषी ठरले. तिथल्या मुलांना मिळायला हवी होती ती जादा शिकवणी त्या खोट्या गुणांनी हिरावून घेतली.

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा ताण आणखी वेगळा. सहावीला जागा 80, म्हणून पाचवीतल्या हुशार चार-पाच जणांकडून सराव करून घेतला जातो. आईबापांची तशी इच्छा असते आणि ती रास्तच आहे. पण घरी गोरबोली ही बंजारा बोली बोलणारे, मराठी वाचताना अडखळणारे मूल तेवढा वेळ मागच्या रांगेत बसून राहते.

स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावी प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. पण तेवढ्याने चाचणीतून सुटलेली मुले दिसत नाहीत; म्हणून चाचणीच्या अहवालात पटावर किती आणि हजर किती, हे गुणांइतक्याच ठळकपणे छापायला हवे. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा कुटुंबे पेरणीसाठी गावातच असतात. पायाभूत चाचणी त्याच आठवड्यांत घेतली, तर हंगामात मुलाचे काय राहून गेले हे गुरुजींना कळेल आणि ते भरून काढायला दिवाळीपर्यंतचे महिने हाताशी राहतील.