ताण आणि बहर

संत्र्याच्या किंवा डाळिंबाच्या बागेचा बहर धरावयाचा असला म्हणजे बागाईतदार काही आठवडे तिचे पाणी तोडतो, आणि या क्रियेला आपल्याकडे ‘ताण देणे’ असे म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण बसला असे समजून तो खत घालतो, पाणी सोडतो आणि झाड फुलावर येते. हलक्या जमिनीत हा ताण थोडक्या दिवसांत बसतो, भारी काळ्या जमिनीत त्याला अधिक दिवस लागतात, आणि ज्याला हा फरक कळत नाही त्याची झाडे फुलण्याऐवजी वाळून जातात. पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा समाचारास आलेल्या एका सत्शील गृहस्थांनी आईला हाच दृष्टान्त सांगितला, आणि परमेश्वर हा माळी असून आवडत्या झाडालाच तो ताण देतो, असे म्हणून त्यांनी तिचे सांत्वन केले. आई पदराशी चाळा करीत ऐकत राहिली. घरावर आलेल्या आपत्तीचा अर्थ कोणी सांगावा, आणि तो कोणाच्या वतीने सांगावा, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडीत नाही.

वडील वाईच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. श्रावणातल्या एका सकाळी स्नान करून उठताना ते कोसळले, उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी दोन महिन्यांपासून घेणे सोडले होते आणि आम्हा कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते, असे मागाहून उघडकीस आले. थोरले बंधू या गोष्टीला घरच्यांचा हलगर्जीपणा म्हणत आणि त्यात स्वतःला प्रथम धरीत. आई त्याला प्रारब्ध म्हणे. मला तो निव्वळ अन्याय वाटे, कारण आयुष्यभर कोणाच्या एका पैशालाही न शिवलेल्या माणसाच्या वाट्याला असे यावे, हे मी कोणत्याच न्यायाने मान्य करावयास तयार नव्हतो. एका छपराखाली तीन अर्थ नांदत होते, आणि आमच्यात जे खटके उडत ते वरवर औषधपाण्याच्या खर्चावरून उडत असले तरी त्यांचे मूळ तिथे होते.

ताणाची कल्पना वैद्यकात रूढ करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली दाखविले होते की उपद्रव कोणताही असो, त्याखाली देह प्रथम सावध होतो, मग टक्कर देतो आणि शेवटी थकतो. परंतु कुटुंबाला एकच देह नसतो. दुसऱ्या महायुद्धात कर्ता पुरुष सैन्यात गेलेल्या आणि पुढे तो परत आलेल्या आयोवा राज्यातील १३५ कुटुंबांचा रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने अभ्यास केला आणि १९४९ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याचे प्रतिपादन असे की आघात, त्याला तोंड देण्याची घरची साधनसामग्री आणि त्या आघाताला घराने दिलेला अर्थ, या तिहींच्या मिलाफातून अरिष्ट उभे राहते किंवा टळते. नुसता आघात म्हणजे अरिष्ट नव्हे, हे त्याचे म्हणणे मला पुष्कळ अंशी पटते. मात्र ‘घराने दिलेला अर्थ’ या शब्दांपाशी मी दर वेळी अडखळतो. घर म्हणजे कोण?

तुकोबांचे उदाहरण घ्या. घरात देहूची महाजनकी, व्यापार, सावकारी. त्यातच १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे लोकांकडच्या येण्याची खते त्यांनी धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. आपत्तीतूनच देव जवळ आला, असा अर्थ त्यांनी स्वतःच्या दुःखाला दिला, आणि त्या अर्थाच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचा अधिकार मला नाही, कारण तो त्यांनी आपल्या जिवाची किंमत देऊन मिळविला होता. पण त्याच घरात त्यांची दुसरी पत्नी जिजाई होती. बुडालेल्या खतांतून तिच्या मुलांची भाकरी निघाली असती. तीच जिजाई भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्याला शोधीत, त्याच्यासाठी भाकरी घेऊन चढत होती. तिला कजाग ठरवून कीर्तनातून शतकानुशतके हशा पिकविला गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते. हिलच्या भाषेत बोलावयाचे तर त्या घरात एकाच आघाताचे दोन अर्थ होते, आणि एकाच्या अर्थाचे मोल दुसऱ्याच्या पायांनी चुकते केले.

आमच्या घरीही तसेच झाले. प्रारब्ध हा शब्द दुबळ्यांचा आहे असे मी तेव्हा मानी. आज मानीत नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे जे तीन प्रकार वेदान्तात सांगितले आहेत, त्यांतील प्रारब्ध म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण. तो ज्ञानी पुरुषालाही परतविता येत नाही. बाण सुटलाच आहे असे आईने एकदा ठरविल्यावर तो कोणी सोडला याची चौकशी घरात उरली नाही, आणि थोरल्या बंधूंना स्वतःच उभ्या केलेल्या आरोपीच्या पिंजऱ्यातून ती हळूहळू बाहेर काढू शकली. तिच्या तत्त्वज्ञानाने हे केले. माझ्या न्यायबुद्धीला ते कधीच साधले नसते.

पण याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. मॅककबिन आणि पॅटरसन यांनी १९८३ साली हिलच्या विचारात अशी भर घातली की आघात एकटा राहत नाही, त्याच्या मागोमाग नवे भार येऊन साचत जातात. आमच्याकडे शेत गहाण पडले, बहिणीचे लग्न लांबले, माझी बिनपगारी रजा संपली. एका रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यावयास उठलो तो माजघराच्या उंबऱ्यावर आई भिंतीला डोके टेकून बसलेली दिसली. धुतलेली चादर तिच्या मांडीवर तशीच ओली होती आणि ती पिळण्याचेही त्राण तिच्या मनगटांत उरले नव्हते. “पाठ दुखते का?” असे मी विचारले. “भोग आहेत, सरतील,” एवढेच ती म्हणाली. ज्या शब्दाने तिने आम्हा सर्वांना सोडविले, त्या शब्दानेच तिच्या तक्रारीचा मार्ग बंद केला होता. दुःख भोगणाऱ्याने स्वतःकरिता एखादा अर्थ स्वीकारला तर त्या श्रद्धेपुढे मी मस्तक नमवितो. तिच्या मांडीवरची चादर मात्र दुसऱ्या कोणी उचलून पिळावी लागते, आणि हे समजावयास मला चार महिने लागले.

आणि वडिलांचा अर्थ? तो आम्ही कोणी विचारलाच नव्हता. चाळीस वर्षे ते घरची रोजकीर्द लिहीत आले होते. त्या श्रावणातल्या सकाळी ‘श्री शिल्लक’ एवढे लिहून रकमेची जागा कोरी राहिली होती. माघात केव्हातरी त्यांनी डाव्या हाताने फडताळाकडे वारंवार खूण केली. बहिणीने रोजकीर्द काढून दिली. पण ती त्यांनी आईकडे सरकविली. चौथीपर्यंत शिकलेली आई त्या दिवसापासून संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसून दूध, औषध, भाजी असा खर्च नावे टाकू लागली, आणि ते शेजारून पाहत असत. एके दिवशी तिने बेरीज करून रेघ ओढली तेव्हा त्यांनी मान हलविली आणि थरथरणारी डावी तर्जनी औषधाच्या रकमेवर ठेवली. तिने पुन्हा मोजले. दोन रुपये चुकले होते.

“तुम्हांला सगळे कळते आहे,” असे म्हणून ती कितीतरी महिन्यांनी, पहिल्यांदाच, आमच्यासमोर रडली.