एका घावात निकाल

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांपासून एक वाक्य सतत कानावर पडते: युद्धे आता आकाशातच जिंकली जातात, पायदळ आणि तोफखाना हा मागच्या शतकाचा विषय झाला. वाहिन्यांवरचे तज्ज्ञ ते सांगतात, आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीच्या चौकातली तरुण मुलेही तेच ठासून सांगतात. आपल्या वैमानिकांच्या धैर्याबद्दल आणि माऱ्याच्या अचूकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ‘एका घावात निकाल’ ही कल्पना विमानापेक्षा फार जुनी आहे, आणि विमानाने ती खरी करून दाखवलेली नाही.

आपल्याकडे ती पानिपताच्या रूपाने घरोघरी नांदते. १४ जानेवारी १७६१ ला सारे संपले, असे आपण मानतो. पण दहा वर्षांनी महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाहआलम मराठी फौजेच्या आधाराने राजधानीत परतला. उलट १७९५ चा निजामावरचा खर्ड्याचा विजय निर्विवाद होता. त्याला आठ वर्षे पुरी होण्याआधीच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचे वर्चस्व मान्य करणाऱ्या वसईच्या तहावर सही केली. आपल्या वर्धेकाठचा अनुभवही हेच सांगतो. इंग्रजांशी असईची लढाई सप्टेंबर १८०३ मध्ये झाली, तरी नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी तह केला तो अडगावचा पराभव झाल्यावर आणि गाविलगड पडल्यावर, डिसेंबरात. देवगावच्या त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. नागपूरचे राज्य १८१७ मध्ये सीताबर्डीवर बुडाले, असे म्हणतात. पण मे १८१६ च्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज नागपूरच्याच खर्चाने राज्यात येऊन बसली होती. टेकडीवर झाली ती त्या तहाची अंमलबजावणी.

युरोपातही हीच कल्पना नेपोलियनपासून प्रशियाच्या मोल्टकेपर्यंत चालत आली; तो प्रवास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तिथे थांबत नाही. इंग्रज इतिहासकार क्रीसीने १८५१ मध्ये जगातल्या पंधरा निर्णायक लढाया निवडून पुस्तक लिहिले, आणि त्या मालिकेत सोळावी आपली असावी ही सेनापतींची आस होऊन बसली. १९१४ नंतर ती आस खंदकांच्या चिखलात रुतली.

यापुढचे वळण मात्र बहुतेकांनी चुकीचे वाचले आहे. विमान आले आणि निर्णायक लढाईचे युग संपले, असा सर्वसाधारण समज आहे. घडले ते नेमके उलट: मरू घातलेल्या त्या कल्पनेला विमानाने पुन्हा प्राण दिला. जुलिओ दुहे हा इटलीचा अधिकारी. त्याच्या देशाने १९१५ ते १९१७ या काळात इसोन्झो या एकाच नदीकाठी बारा लढाया लढल्या आणि लाखो माणसे गमावली. या संहारावर टीका केली म्हणून दुहेला तुरुंगात जावे लागले. १९२१ मध्ये त्याने आकाशावरील प्रभुत्वाचा ग्रंथ लिहिला, त्यामागे ही वेदना होती. खंदकांवरून उडून जा, थेट शहरांवर बाँब टाका, लोक स्वतःच आपल्या सरकारकडे तहाचा हट्ट धरतील, असे त्याचे म्हणणे. लवकर संपणारे युद्ध कमी क्रूर असेल, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणजे त्याने वॉटर्लू जमिनीवरून उचलून आकाशात नेले.

दुसऱ्या महायुद्धात या श्रद्धेची परीक्षा झाली. लंडनकर खचले नाहीत. जर्मनीची शहरे जळत असतानाही तिचे शस्त्रोत्पादन १९४४ पर्यंत वाढत राहिले. मे १९४४ पासून बाँबफेकी विमाने कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर आणि पुढे रेल्वेवर तुटून पडली, तेव्हा चित्र पालटले. विमाने उभी होती, पेट्रोल नव्हते. खाणीत कोळसा होता, वाघिणी पोहोचत नव्हत्या. हवाई शक्ती प्रभावी ठरली ती शत्रूची रसद तोडणारी म्हणून, आणि त्याला महिने लागले. हिरोशिमाचा दाखला इथे हमखास दिला जातो. पण तोवर पाणबुड्यांनी आणि सुरुंगांनी जपानची कोंडी केली होती, आणि त्याच आठवड्यात सोव्हिएत रशियाही युद्धात उतरला. शरणागतीचे खरे कारण कोणते, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही.

आपले १९७१ चे बांगलादेश युद्ध घ्या. १४ डिसेंबरला आपल्या विमानांनी ढाक्यातल्या राज्यपाल भवनावर मारा केला, राज्यपाल मलिक यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांत पाकिस्तानी सेनापती नियाझी शरण आले. गोष्ट अशी सांगितली की ती एका घावाची वाटते. पण त्याआधी आठवडाभर ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी उखडलेली होती आणि पूर्वेकडची पाकिस्तानी विमाने जमिनीला खिळली होती. आकाश मोकळे होते म्हणून ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरमधून जवान मेघना ओलांडू शकले आणि ११ ला टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरले. समुद्रात नौदलाची नाकेबंदी होती. मुक्तिवाहिनी महिनोन्‌महिने झुंजत होती. आणि लष्करप्रमुख माणेकशांनी एप्रिलमध्ये घाई नाकारून पावसाळा सरेपर्यंत साठे उभे केले होते. वायुसेनेने या सगळ्याचे बळ कित्येक पटींनी वाढवले. हे श्रेय लहान नाही, पण ते वेगळे आहे.

साठे म्हणजे काय, हे आम्हा वर्धा जिल्ह्यातल्या लोकांना तरी समजावे. पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे देशातले सर्वांत मोठे भांडार आहे आणि तिथून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग सिंदीवरून जातो. ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी ती विझवताना गेले. निर्णायक लढायांच्या कोणत्याही यादीत त्यांना जागा नाही. पुढच्याच वर्षी ‘कॅग’च्या अहवालाने सांगितले की, ४० दिवसांचा साठा हवा असताना अनेक प्रकारचा दारूगोळा दहा दिवसही पुरणार नाही. युक्रेनमध्ये डोक्यावर ड्रोन फिरतात आणि खाली माणसे खंदकांतच आहेत. तिथेही रोजचा प्रश्न तोफगोळे किती उरले हा असतो.

म्हणून एका घावाची भाषा मला धोक्याची वाटते. युद्ध चार दिवसांत आटोपते असे ज्या समाजाला वाटते, तो युद्धाची मागणी सहज करतो आणि पाचव्या दिवसाच्या तयारीबद्दल कुणालाच विचारत नाही. विमाने किती पाडली, याच्या आधी नागरिकांनी तीन प्रश्न विचारले पाहिजेत: साध्य काय आहे, साठा किती दिवसांचा आहे, आणि थांबायचे कुठे हे ठरले आहे का. ज्या सरकारकडे या तिन्हींची उत्तरे असतील, त्याच्याच हाती हवाई शक्ती शस्त्र ठरेल. उत्तरे नसतील, तर ती जुन्याच जुगाराची नवी चाल ठरेल, आणि तिची किंमत जवान मोजतील.