टाळ्या कशासाठी वाजवल्या?



एखादी मालिका वर्षानुवर्षे आवडीने पाहावी आणि शेवट पाहून संताप यावा, हा अनुभव अनेक घरांतला आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेच्या वेळी तो जगभरच्या प्रेक्षकांनी एकदमच घेतला. अमेरिकेतील एचबीओ वाहिनीवर ही अद्भुतकथा १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली आणि १९ मे २०१९ रोजी, रविवारी रात्री, तिचा ७३ वा व अखेरचा भाग दाखवला गेला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. ही मालिका मुलांना दाखवावी अशी नाही, हे आधीच सांगतो. तीत हिंसा आहे आणि उघडी दृश्येही आहेत. परंतु तिच्या शेवटावरून जो गदारोळ उठला, त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनाही तो लागू पडतो.

आठवे पर्व नव्याने, चांगल्या लेखकांकडून लिहून घ्या, अशी मागणी करणारा एक अर्ज इंटरनेटवर फिरत होता. अखेरचा भाग दिसण्यापूर्वीच त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या होत्या. एवढा राग कशाचा? कारणे अनेक होती, पण मोठे कारण होते डेनेरिस ही राणी. परदेशात वाढलेली, लहान वयात विकल्यासारखी लग्नात दिलेली ही मुलगी पुढे हजारो गुलामांना मुक्त करते. लोकांचा तिच्यावर इतका जीव जडला की, अमेरिकेत केवळ २०१८ या एका वर्षात ५६० मुलींचे नाव ‘खलीसी’ ठेवले गेले. कथेतील ही तिची पदवी. पुढच्याच वर्षी, १२ मेच्या भागात, राजधानी शरण आल्याच्या घंटा वाजत असताना याच राणीने ड्रॅगनच्या अग्नीने ते शहर बायकामुलांसकट जाळले. अखेरच्या भागात तिच्यावर प्रेम करणाऱ्या जॉन स्नोनेच तिचा वध केला.

‘आमची राणी अशी नव्हती,’ असे प्रेक्षक म्हणाले. प्रश्न असा आहे की, असे म्हणण्याचा त्यांना अधिकार होता का?

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्र’ या ग्रंथात याचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. कथेचा शेवट आधीच्या घटनांतून अपरिहार्यपणे, निदान संभवनीय रीतीने निघाला पाहिजे, असे तो सांगतो. म्हणजे प्रेक्षकाचा एक हक्क आहे: सुसंगत शेवटाचा हक्क. या मालिकेची पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची होती, सातवे सात भागांचे आणि शेवटचे फक्त सहा भागांचे. मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड २०११ साली आला होता आणि पुढचे खंड येण्यापूर्वीच दूरदर्शनवरची कथा संपवावी लागली. राणीच्या मनातील बदल फार घाईने दाखवला, ही तक्रार आम्हांला रास्त वाटते.

पण सुसंगत शेवटाचा हक्क आणि मनासारख्या शेवटाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सज्जनांचे भले व दुर्जनांचे वाईट झालेले प्रेक्षकांना हवे असते आणि कवी त्यांच्या इच्छेमागे जातात, हेही ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे. त्याला तो मनाचा दुबळेपणा वाटतो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चे असेच झाले. आपल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वर ज्या नाटकाची छाया आहे, तेच हे नाटक. निरपराध कॉर्डेलियाचा मृत्यू प्रेक्षकांना सोसवेना, म्हणून १६८१ साली नेहम टेट याने तिला जिवंत ठेवणारे, तिचे लग्न लावून देणारे नवे ‘लिअर’ लिहिले. सुमारे दीडशे वर्षे इंग्रजी रंगभूमीवर तेच चालले. प्रेक्षक समाधानाने घरी गेले, पण निरपराध माणसे दुसऱ्यांच्या पापापायी मरतात, या सत्याकडे पाहायचे राहून गेले.

आता डेनेरिसकडे परत येऊ. तिचा अंत खरोखर आभाळातून कोसळला होता का? २०१४ साली दाखवलेल्या चौथ्या पर्वात गुलामांच्या मालकांनी १६३ बालकांना खांबांवर खिळून मारलेले असते. शहर जिंकल्यावर राणी मोजून १६३ मालकांना तशाच प्रकारे खिळते. पाहणाऱ्यांना तो न्याय वाटला. पण दोनच भागांनंतर एक तरुण तिच्यापुढे येऊन सांगतो की, माझ्या वडिलांनी त्या बालहत्येला विरोध केला होता, तरी तुम्ही त्यांनाही मारले. राणीने गुन्हेगार कोण हे शोधलेच नव्हते. तिने फक्त आकडा जुळवला होता. सातव्या पर्वात गुडघे टेकायला नकार देणाऱ्या बापलेकांना ती जिवंत जाळते. कथेने इशारे दिले होते. आपण ते ऐकले नाहीत, कारण मरणारे आपल्याला नको असलेले होते. अखेरच्या भागात कैदेत बसलेला टिरियन जॉनला नेमके हेच समजावतो.

कोणी म्हणेल, ‘गुलामांना सोडवणे चुकीचे होते का?’ मुळीच नाही. गुलामी मोडणे हे न्यायाचे काम होते. परंतु साध्य न्याय्य असले म्हणून प्रत्येक साधन न्याय्य ठरत नाही. न्याय विचारतो, ‘अपराध कोणी केला?’ सूड विचारतो, ‘तो कोणाच्या बाजूचा?’ हा दुसराच प्रश्न विचारायची सवय लागली की, राजधानीतील बाळंतीणही शत्रूच्या बाजूची ठरते. माणूस न्यायाची कृत्ये करत करत न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात शिकवतो. उलटही तितकेच खरे. क्रौर्याचा हात एकदा बसला की तो दुष्टांपाशी थांबत नाही.

‘ही तर गोष्ट आहे, हिच्यात कोण मेले?’ असेही कोणी म्हणेल. खरे आहे, मेले कोणीच नाही. पण पडद्यापुढे बसून आपण जी टाळी वाजवतो ती खरी असते आणि तीही आपल्याला घडवत असते. आपल्या नावडत्या माणसाचा अपमान झाला, आपल्याला नको असलेल्या वस्तीवर अन्याय झाला, संशयावरून कोणाला जमावाने मारले, की ‘बरे झाले, अद्दल घडली’ असे आपल्या तोंडून सहज निघते. ही सवय आपण कुठे कमावली, याचा विचार करायला हवा. प्रत्येक समाजाला आपापले लाडके नायक असतात. त्यांनी ‘दुसऱ्यांना’ चिरडले तोवर ते शूर वाटतात. तोच हात आपल्या दाराशी आला की आपण म्हणतो, ‘हा असा नव्हता.’ तो तसाच होता. आपण त्याच्या हाताकडे पाहिले नाही, फक्त तो कोणावर पडतो आहे तेवढे पाहिले.

म्हणून शेवट आवडला नाही तर जरूर रागवावे. मात्र दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. पहिली: कथेने आपलाच शब्द मोडला म्हणून मी रागावलो, की माझे लाडके माणूस पडले म्हणून? दुसरी: ते पडण्यापूर्वी त्याच्या कोणकोणत्या कृत्यांना मी मान डोलावली होती?

या आठवड्यात घरी एकत्र बसून जी कोणती मालिका पाहत असाल, तिच्यात कोणाला शिक्षा होताना सगळ्यांना आनंद झाला तर क्षणभर आवाज बंद करावा आणि मुलांना विचारावे, ‘याने नेमके काय केले होते?’ मुलांना उत्तर देता आले, तर ती शिक्षा न्यायाची होती की सुडाची, यावर पुढे बोलता येईल. उत्तर कोणालाच देता आले नाही, तर मग बोलणे त्याहून अधिक गरजेचे आहे.